दिसतो तिथं मासा नसतो

भाल्यानं मासा मारायला शिकवताना पहिलीच गोष्ट सांगतात ती ही, की मासा दिसतो तिथं नसतो. पाण्यात वाकलेली काठी शाळेत सगळ्यांनी पाहिलेली असते, पण त्या वाकण्याचा हिशोब हाताला यायला दोन-तीन पावसाळे जातात. चार हात खोलवरचा मासा सरळ वरून पाहिला तर तीन हातांवर दिसतो. तिरपं पाहिलं तर फसगत आणखी वाढते. म्हणून नेम माशावर धरायचा नाही, त्याच्या खाली धरायचा. भामरागड तालुक्यात मी शिक्षक होतो तेव्हा वर्गातल्या माडिया पोरांना अपवर्तन हा शब्द ठाऊक नव्हता, पण गणित येत होतं. सुट्टीच्या दिवशी ती तिरकमठा घेऊन पामुलगौतमच्या खडकांवर उकिडवी बसत आणि तासतास हलत नसत. माझा बाण वाळूत रुतायचा. त्यांच्या बाणाला मासा लागून यायचा. माशाला माडिया-गोंडीत ‘मीन’ म्हणतात हे मला त्याच खडकावर कळलं.

पुढे बदली ब्रह्मपुरी-नागभीडकडे झाली. नदी सुटली, तलाव मिळाले आणि तिरकमठ्याच्या जागी पाच दातांचा भाला आला. तो ज्यांनी हातात दिला ते शेजारचे म्हातारे ढिवर. मी त्यांना बाबाजी म्हणायचो, ते मला गुरुजी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की रात्री गॅसबत्ती घेऊन आम्ही तलावाच्या कडेनं फिरायचो. बत्तीच्या उजेडात तळाची वनस्पती, तिच्यातून सरकणारा दाडक, चिखलाला पोट लावून पडलेली मरळ, सगळं काचेखाली ठेवल्यासारखं दिसायचं.

तो भाला आता माझ्या ओसरीवर खुंटीला टांगलेला आहे. तलावात मासे भरपूर आहेत, पूर्वीपेक्षा वजनानं जास्तच असतील. पण भाल्याला मासा आधी दिसावा लागतो. जाळ्याला दिसण्याची गरज नसते, ते आंधळेपणानं पडतं आणि येईल ते घेऊन वर येतं. गळ टाकणारासुद्धा तरंगत्या पिसाकडे पाहतो, माशाकडे नाही. पाण्यात डोळे घालून, कोण आहे ते ओळखून, मारायचं की सोडायचं हे ठरवून हात उचलणारा भालेवालाच. त्यामुळे पाण्यात कोण नवा आला आणि जुना कोण गेला, हे त्याला सर्वांत आधी कळतं. त्याला मात्र कुणी विचारत नाही. मत्स्योत्पादनाची आकडेवारी टनांत मोजतात.

बाहेरच्या माशांच्या प्रश्नाकडे मी या बाजूनं पाहतो. चंद्रपूर-गडचिरोलीत तो प्रश्न समुद्रकाठासारखा नाही, हिमालयातल्या नद्यांसारखाही नाही. इथलं पाणी मुळात माणसानं अडवलेलं आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं झाडीपट्टीत तलाव बांधले. पुढे मालगुजारांकडे असलेले हे तलाव १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे मामा तलाव झाले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया मिळून ते सहा हजारांहून अधिक आहेत. त्याशिवाय शेतागणिक बोड्या, म्हणजे लहान तळी. पाळ, तुडुम, सांडवा, नहर ही या पाण्याची अंगं. पहिल्या जोराच्या पावसात सांडव्यावरून आणि बांध्यांमधून उलट्या प्रवाहानं मासे वर चढायचे, धानाच्या बांधीत अंडी घालायचे आणि पाणी ओसरताना पिल्लं परत तलावात यायची. बियाणं कुणी विकत आणत नव्हतं. मरळ, दाडक, शिंगी, वाघूर, शिवडा, बाम, झिंगे आणि बोटाएवढ्या कित्येक जाती तलाव आपल्या आपण देत होता.

बाहेरून पहिले आले ते आपल्याच देशातले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथं हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून देशी कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. ती तारीख आजही मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात आणि ते योग्यच आहे, कारण भारतातली निम्मी मासेशेती त्या सुईवर उभी आहे. त्याआधी रोहू-कटला-मृगळचं बीज वाहत्या नदीतून गोळा करावं लागे. नंतर ते केंद्रातून मिळू लागलं आणि गावोगावच्या तलावांत पडू लागलं. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे शब्द ढिवरांच्या बोलण्यात तेव्हापासून रुजले.

इथं एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक वाद तो न समजल्यामुळे होतात. रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात पिल्लं देत नाहीत. त्यांना पुराची वाहती नदी लागते. म्हणजे तलावात ते पाहुणे म्हणून येतात, वाढतात, विकले जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा आणावे लागतात. सोडणं थांबवलं तर दोन-चार वर्षांत तलावातून नाहीसे होतात. दुसरी जात आहे ती एकदा आली की घर करणारी: तिलापिया, सिप्रिनस, आफ्रिकन मागूर. यांना तुमच्या बीजकेंद्राची गरज नाही. पहिल्या प्रकाराबद्दल तक्रार करायची तर ती पैशाची आणि परावलंबनाची आहे. दुसऱ्याबद्दलची तक्रार पाण्याची आहे. दोघांना एकाच ‘विदेशी’ या शब्दात कोंबलं की ढिवर सहकारी संस्था चिडतात आणि त्यांचं चिडणं मला पटतं. रोहूवर त्यांची चूल पेटते.

तिलापियाची गोष्ट तर सगळी लेखी आहे. मोझांबिक तिलापिया १९५२ साली बँकॉकहून मंडपमला आणला. गरिबाला स्वस्त प्रथिनं मिळावीत हा हेतू होता. सात वर्षांत, १९५९ मध्ये, मत्स्य संशोधन समितीनं त्याचा आणखी प्रसार करू नये असं ठरवलं. तोवर दक्षिणेतल्या तळ्यांत तो पोहोचला होता. राजस्थानातल्या जयसमंद तलावात तिलापिया माजल्यावर मोठ्या कार्पचं सरासरी वजन घसरल्याची नोंद आहे. पुढे नाईल तिलापिया आला आणि २००९ पासून ठरावीक अटींवर त्याच्या शेतीला सरकारनंच मुभा दिली. फक्त नरच वाढवायचे, म्हणजे प्रजनन होणार नाही, अशी ती अट. कागदावर चांगली आहे. पण पूर आला की तळ्याची पाळ कागद वाचत बसत नाही. उजनीच्या फुगवट्यात चिलापी या नावानं तो आता कोळ्यांचा नेहमीचा माल झाला आहे आणि भिगवणच्या खाणावळीत लोक तो मागून खातात.

भाल्याला तिलापिया कसा दिसतो ते सांगतो. उथळ पाण्यात तळाला परातीएवढे गोल खळगे दिसू लागले की समजावं, नरांनी घरं मांडली. खळगा तोंडानं कोरलेला, आतून घासून पुसून स्वच्छ. नर त्याच्यावर उभा असतो. सावली पडली की पळतो आणि मिनिटभरात परत त्याच जागी येतो. मरळ एकदा बिचकली तर त्या रात्री तिचं तोंड दिसत नाही. हा मात्र हटत नाही. म्हणून नवशिक्याचा भालाही त्याला लागतो आणि पहिल्या वर्षी तलावात आनंदीआनंद असतो. एका रात्रीत टोपली भरते. दुसऱ्या वर्षी खळगे दुप्पट होतात, मासे लहान होतात. तिसऱ्या वर्षी तळहाताएवढे तिलापिया अंडी घालताना दिसतात, कारण गर्दी झाली की हा मासा आकार सोडतो, वंश सोडत नाही. दोन-तीन महिन्यांत वयात येतो, वर्षातून अनेकदा विणतो. त्याच्या पाठीवरच्या काट्यानं बोट सुजतं ते वेगळंच.

आणि मादी पिल्लं तोंडात ठेवते. अंडी तोंडात उबवते, पिल्लं पोहू लागली तरी धोका वाटला की परत तोंडात घेते. याचा भालेवाल्याशी एक जुना हिशोब निघतो. आमच्याकडे मरळीबद्दल एक नेम होता. पावसाळ्यात पाण्याच्या वरच्या थरात लाल-नारिंगी पिल्लांचा गोळा फिरताना दिसतो. हवा घ्यायला सगळी एकदम वर येतात तेव्हा पाणी उकळल्यासारखं दिसतं. त्या गोळ्याच्या खाली हातभर अंतरावर मोठी मरळ असतेच. पिल्लं सोडून ती जात नाही, त्यामुळे त्या वेळी तिला मारणं म्हणजे पिंजऱ्यातला पक्षी मारण्यासारखं. एकदा मी भाला उचलला तर बाबाजींनी मनगट धरलं. “लेकुरवाळीले नाई मारत, गुरुजी.” एवढंच म्हणाले. सगळेच हा नेम पाळत होते असं नाही, नाहीतर सांगावा लागला नसता. पण नेम होता.

काही वर्षांनी त्याच तलावात माझ्या भाल्याला तिलापियाची मादी लागली. दातांवरून काढताना तिचं तोंड उघडलं आणि हातावर पाणी सांडावं तशी पिल्लं सांडली. राईएवढी, डोळे मोठे, काही हलणारी. मी बाबाजींकडे पाहिलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे त सारीच लेकुरवाळी हायेत बाप्पा. नेम कोनाले लावू?” बाहेरच्या माशांवर मी पुष्कळ वाचलं, पण जुन्या पाण्याचा जुना कायदा नव्या माशापुढे कसा अडखळतो हे त्या प्रश्नाइतकं नेमकं कुठं वाचलं नाही.

तरीही भाला खुंटीला लागला तो तिलापियामुळे नाही. त्याचं श्रेय सिप्रिनसचं. हा युरोप-आशियातला साधा कार्प, आपल्याकडे १९३९ साली निलगिरीत आला आणि उष्ण पाण्यात टिकणारा वाण १९५७ मध्ये बँकॉकहून आला. तो तळाचा चिखल तोंडात ओढतो, अळ्या-किडे गाळून घेतो आणि उरलेला गाळ फुंकून देतो. दिवसभर. शंभर-दोनशे माशांनी हे केलं की तलावाचं पाणी चहासारखं होतं. वनस्पतींची मुळं उखडतात, उरलेल्यांना ऊन मिळत नाही, त्या कुजतात. वनस्पती गेल्यावर तळ आणखी मोकळा होतो आणि थोडा वाराही गाळ उठवतो. काश्मिरातल्या दल सरोवरात आणि मणिपूरच्या लोकटकमध्ये तिथले स्थानिक मासे मागे हटले, त्यात सिप्रिनसचा हात मोठा धरला जातो. त्याच्या जोडीला गवत्या कार्प सोडला असेल तर तो तलावाची हिरवळ वरून खातो. एकानं मूळ काढायचं, दुसऱ्यानं पान खायचं. तलाव ‘साफ’ करायला म्हणून गवत्या सोडतात. पाणवनस्पतींना कचरा म्हणणाऱ्याला हे पटतंही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर गढूळपणाचा सगळा दोष माशाच्या माथी मारता येणार नाही. पाळेवरची झाडं गेली, वरच्या रानातली माती वाहून आली, कडेनं बेशरम माजलं, रासायनिक खतांचं पाणी उतरलं, गाळ काढायला यंत्रं उतरली ती तळाची वनस्पतीही उपसून गेली. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलाव खोल झाले, हे शेतकऱ्याला हवंच होतं. पण मरळीला खोलीपेक्षा काठची उथळ, झाडोरा असलेली पट्टी जास्त लागते, हे खोदाईच्या मोजमाप पुस्तिकेत बसत नाही. अशा आधीच आजारी पाण्यात सिप्रिनस उतरला. म्हातारपणी खोकला लागलेल्या माणसाच्या खोलीत धुनी पेटवावी तसं ते झालं.

बाबाजींचं मत थोडक्यात होतं. “मासा दिसला पायजे ना? नाई त भाला का पान्याले मारू?”

आफ्रिकन मागुराबद्दल फार लिहावं लागत नाही, कारण त्याच्याविरुद्ध सगळेच एकमतानं बोलतात आणि बाजारात तो तरीही मिळतो. १९९० च्या दशकात तो बांगलादेशमार्गे चोरवाटेनं आला, २००० साली त्यावर बंदी आली, २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पुन्हा बजावलं, त्यानंतर पुणे-सोलापूर पट्ट्यातली तळी उपसून साठे नष्ट करण्यात आले. आपला वाघूर म्हणजे देशी मागूर दिसायला त्याच्यासारखाच, म्हणून ‘थाई मागूर’ हे नाव ऐकून गिऱ्हाईक फसतं. हा आफ्रिकन मागूर हवेतून श्वास घेतो, पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत पलीकडच्या बोडीत जातो. बोड्यांच्या झाडीपट्टीला हा गुण किती महागात पडेल याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. रूपचंद नावाचा दक्षिण अमेरिकेतला चपटा मासाही आता टोपलीत सर्रास दिसतो. पापलेट म्हणून विकतात.

गप्पी माशांचा उल्लेख माशांच्या चर्चेत कुणी करत नाही, ते आरोग्य खात्याचं प्रकरण आहे. महाराष्ट्रात हिवतापाचा सगळ्यात मोठा भार गडचिरोलीवर. डासाच्या अळ्या खाव्यात म्हणून गप्पी आणि गंबुशिया साचलेल्या पाण्यात सोडण्याची मोहीम राज्यभर चालते. हे मासे दक्षिण आणि उत्तर अमेरिकेतले. माझ्या शाळेतल्या एका पोराचा भाऊ तापानं गेला होता, त्यामुळे या मोहिमेविरुद्ध तोंड उघडायचा मला धीर होत नाही. एवढंच वाटतं, की हौदात आणि विहिरीत सोडायचा मासा ओढ्याच्या डबक्यात सोडू नये. तिथं अळ्या खाणारे बोटाएवढे गावठी मासे आधीपासून असतात.

आतापर्यंत तलावांचं झालं. तलाव निदान वेगवेगळे होते. एकात रोग आला तर दुसरा वाचायचा. ते दिवस संपत आलेत. वैनगंगेवर गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि त्याचा उजवा कालवा सावली तालुक्यातल्या आसोलामेंढ्याच्या जुन्या ब्रिटिशकालीन तलावापर्यंत आणला. नदीतलं पाणी कालव्यातून तलावात, तलावातून नहरांत, नहरांतून बांधीत. धानासाठी हे वरदान आहे, मी स्वतः त्या पाण्याचा तांदूळ खातो. पण पाण्याबरोबर जे येतं त्याला कुणी चाळणी लावलेली नाही.

खाली गेलं तर वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्यासमोर कालेश्वरमला गोदावरीला मिळते. त्याच्याखाली तेलंगणानं मेडिगड्डा इथं बराज बांधला, जून २०१९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि सिरोंचा तालुक्यातल्या शेतांत फुगवट्याचं पाणी शिरलं. त्या शेतकऱ्यांची कहाणी वर्तमानपत्रांत आली. २०२३ च्या ऑक्टोबरात बराजचे खांब खचले, तेही आलं. पाण्याच्या आतलं मात्र आलं नाही. वाहती, खडकाळ, उन्हाळ्यात काचेसारखी होणारी नदी आणि संथ फुगवटा यांत राहणारे मासे वेगळे असतात. खडकाळ वाहत्या पाण्यातला मासा फुगवट्यात गुदमरतो, तिलापिया-सिप्रिनस तिथं सुखावतात. त्यातच तेलंगणा सरकार २०१६ पासून तलाव-जलाशयांसाठी मत्स्यबीज फुकट वाटतं. नदीला राज्याची हद्द ठाऊक नाही, हे वाक्य पाणीवाटपाच्या भांडणात आपण नेहमी ऐकतो. माशांच्या बाबतीत ते कुणी म्हणत नाही.

हौशी शिकाऱ्यांच्या माशाचा प्रश्न इथून दूरचा वाटेल, पण त्याची सुरुवात महाराष्ट्रातच आहे. जगभर नव्या पाण्यात मासे नेऊन सोडले ते मोठ्या प्रमाणात गळाच्या शौकापायी. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ट्राउट काश्मिरात आणला. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाईल पर्च सोडला आणि तिथल्या शेकडो जातींच्या लहान माशांचा संसार उठला. आपल्याकडचा मान महासीरचा. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या खडशीला शास्त्रीय नाव दिलं. १९७० च्या सुमाराला महाराष्ट्राचे माजी मत्स्य संचालक चं. वि. कुलकर्णी यांच्या पुढाकारानं लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत तलावांवर या माशाचं बीज तयार होऊ लागलं. देशातलं ते पहिलंच मोठं यश. हेतू संवर्धनाचाच होता. तिथली बोटुकली दूरदूर गेली, कावेरीतही गेली. कावेरीत एक वेगळा, कुबड असलेला महासीर होता. १९४६ साली काबिनीत गळाला लागलेला १२० पौंडांचा महासीर आजही विक्रम म्हणून सांगतात. पुढे गळवाल्यांच्या पकडीच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा कुबडवाला घटत जाताना आणि आपला निळसर पंखांचा पुणेरी वाढत जाताना दिसला. २०१८ मध्ये कुबडवाल्याची जात पक्की झाली आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला.

देशातलाच, संवर्धनासाठी सोडलेला, सगळ्यांचा लाडका मासा. आणि त्यानं हे केलं. ‘स्वदेशी’ या शब्दावर विसंबणाऱ्यांनी ही गोष्ट उशाशी ठेवावी. माशाचा देश म्हणजे त्याचं खोरं. कृष्णेचा मासा कावेरीत परदेशीच.

आता भाल्याच्या बाजूनं एक शंका येते, कारण बाहेरच्या देशांत भाला हाच इलाज मानतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश दिसू लागला आणि पुढे कॅरिबियन समुद्रात पसरला. बहुधा मत्स्यालयांतून सुटलेला. तो जाळ्यात नीट येत नाही, गळाला क्वचित लागतो, पण खडकाशी स्थिर उभा राहतो. म्हणून तिथं पाणबुडे भाले घेऊन स्पर्धा करतात आणि उथळ खडकांवर त्याची संख्या खरंच घटते. खोल पाण्यातला मात्र शिल्लक राहतो आणि तिथून पुन्हा वर येतो. अमेरिकेतल्या इलिनॉय नदीत चंदेरा कार्प नावेच्या आवाजानं हवेत उड्या मारतो आणि लोक त्याला धनुष्यबाणानं टिपतात. व्हिडिओ मजेचे असतात, नदीतला मासा तेवढाच राहतो.

इथं काय होईल? भाल्यानं तिलापिया संपेल असं मी म्हणणार नाही, माझ्या टोपल्यांनी तो संपला नाही. पण मे महिन्यात तलाव डबक्यावर येतो तेव्हा नरांचे खळगे उघडे पडतात. त्या पंधरा दिवसांत गावातली पोरं भाले आणि हातजाळी घेऊन उतरली आणि तलाव पूर्ण आटवता आला, तर पुढच्या पावसाळ्यात फरक दिसतो. एक बोडी आम्ही अशी केली होती. दोन वर्षं बरी गेली, तिसऱ्या वर्षी वरच्या तलावाचा सांडवा वाहिला आणि सगळं पहिल्यासारखं. एकट्या बोडीचा इलाज नाही, पाण्याच्या साखळीचा लागतो.

साखळीचा विचार करून झालेलं काम शेजारच्या भंडारा-गोंदियात आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि अर्जुनी मोरगाव भागातले ढिवर यांनी मिळून तलावांतलं बेशरम उपटलं, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती लावल्या. बीज सोडून नाही, झाडोरा लावून त्यांनी गावठी मासे परत आणले. हिशोब सरळ आहे: मरळ बाजारात रोहूपेक्षा चढ्या भावानं जाते आणि तिच्या बीजाचे पैसे द्यावे लागत नाहीत. मला त्या कामातली जास्त आवडलेली गोष्ट अशी की कोणती वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे ज्ञान ढिवरांकडूनच घेतलं.

कायद्याची बाजूही इथं वाटते तितकी लुळी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ड) मध्ये जलाशयांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं मेंढा-लेखा हे गाव गडचिरोलीतलंच. बांबूवर आणि तेंदूवर ग्रामसभा ठराव घेतात, लिलाव स्वतः करतात. तलावात काय सोडायचं यावर ठराव घ्यायला त्यांना कुणी अडवलेलं नाही. पण बांबू उभा दिसतो, मासा दिसत नाही. व्याघ्र प्रकल्पात तर मासेमारीलाच मनाई, आणि ती हवीच. फक्त वाघ मोजायला झाडाझाडाला कॅमेरे आहेत आणि पाण्यात कोण आहे ते पाहायला कुणी वाकत नाही. आत कुणी उपरा शिरला असेल तर त्यालाही तेच संरक्षण.

गेल्या पावसाळ्यात एका गावात संस्थेचं बीज येणार म्हणून मी मुद्दाम गेलो. पिकअपमध्ये ऑक्सिजन भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. पावती कटला, रोहू, मृगळची. बीज एकेक करून मोजत नाहीत. एक वाटी भरून त्यातली पिल्लं मोजतात आणि मग वाट्या मोजतात. मी घरून जेवणाची पांढरी थाळी नेली होती. अध्यक्षांना विनंती केली, एक वाटी यात ओता. ते हसले, पण ओतली. पांढऱ्यावर बोटुकली स्पष्ट दिसत होती, रोहूची लालसर झाक, कटल्याचं मोठं डोकं. आणि तीन अशी, ज्यांच्या पाठीच्या परावर मागच्या बाजूला काळा ठिपका होता. तिलापियाची पिल्लं याच ठिपक्यावरून ओळखतात. मी बोट ठेवून दाखवलं.

“तीनच त हायेत, गुरुजी,” अध्यक्ष म्हणाले.

मी त्या तिघांना चिमटीत धरून काठावर टाकलं आणि थाळी विसळायला वाकलो. वर पाहिलं तोवर बाकीच्या पिशव्यांची तोंडं पाण्यात सोडून झाली होती.